सांगोला : एका मतदारसंघाचा इतिहास आणि त्याचे प्रतिनिधित्व

विधानसभेच्या एखाद्या मतदारसंघाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे नेमके काय लिहावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. जिल्ह्याचा इतिहास असतो, संस्थानाचा असतो, घराण्याचा तर असतोच असतो. मतदारसंघाचा मात्र बहुधा एक तक्ता असतो. निवडणुकीचे वर्ष, विजयी उमेदवार, त्याचा पक्ष आणि मताधिक्य असे चार रकाने भरले की इतिहास पुरा झाला, अशी समजूत दिसते. हा तक्ता निरुपयोगी आहे असे नाही. परंतु तो वाचावा लागतो, आणि वाचावयाचा म्हणजे त्यात काय आलेले नाही हेही पाहावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचा तक्ता वाचकाला विशेष फसविणारा आहे, कारण तो वरवर पाहता एकाच नावाचा बनलेला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख १९६२ साली येथून प्रथम निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा एकूण अकरा वेळा त्यांनी ही जागा जिंकली. महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचीही अशी नोंद नाही. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर जे लिहिले, त्यात मतदारसंघ आणि माणूस हे दोन शब्द जणू एकमेकांचे पर्याय होऊन बसले होते. सांगोला म्हणजे गणपतराव, हे समीकरण तेव्हापासून अभ्यासाच्या लेखनातही बिनदिक्कत वापरले जाते. प्रस्तुत लेखात ह्या समीकरणाची तपासणी करावयाची आहे. ते सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे मतदार दृष्टीआड होतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

आरंभी एका किरकोळ वाटणाऱ्या पण सतत होणाऱ्या चुकीचा निकाल लावावा. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणे हा भारतातील विक्रम होय, असे पुष्कळदा लिहिले जाते. तसे नाही. केरळातील पाला येथून के. एम. माणी १९६५ ते २०१६ ह्या अवधीत तेरा वेळा, आणि पुथुप्पळ्ळी येथून ऊमन चंडी १९७० ते २०२१ ह्या अवधीत बारा वेळा निवडून आले. ही तुलना केवळ आकड्याच्या दुरुस्तीसाठी केलेली नाही. माणी आणि चंडी हे दोघेही सत्तेच्या आलटापालटीत वारंवार सरकार पक्षाकडे असणारे नेते होते. माणी हे दीर्घकाळ अर्थमंत्री होते, चंडी मुख्यमंत्री झाले. सांगोल्याच्या प्रतिनिधीचे तसे नव्हते. त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. तेव्हा खरा चमत्कार अकराच्या आकड्यात नाही. जो सत्तेत नाही त्याला लोकांनी पुनःपुन्हा का पाठविले, आणि पाठविले म्हणजे त्याच्याकडून काय अपेक्षिले, हा प्रश्न ह्या मतदारसंघाने अभ्यासकापुढे टाकलेला आहे.

‘प्रतिनिधी’ ह्या शब्दाचा सांगोल्याशी असलेला संबंध विधानसभेहून बराच जुना आहे. हा शब्द मराठी राज्यात प्रथम एका पदाचे नाव म्हणून आला. जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांनी प्रल्हाद निराजी ह्यांना प्रतिनिधिपद दिले. पुढे ते पद ज्या घराण्यात स्थिर झाले ते औंधचे पंतप्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी उभा राहणारा, असा त्या काळचा अर्थ. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले आणि रामराजा गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी, १७५० मध्ये, प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव ह्याने सांगोल्याच्या किल्ल्याचा आश्रय घेऊन पेशव्यांविरुद्ध बंड मांडले. मुतालिक म्हणजे दुय्यम कारभारी; तेव्हा यमाजी हा प्रतिनिधीचाही प्रतिनिधी म्हणावयाचा. सदाशिवराव भाऊ रामराजाला बरोबर घेऊन सांगोल्यावर चालून गेले, यमाजीचा बंदोबस्त झाला, आणि तेथेच रामराजाकडून राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे जाण्याविषयीचा करार करून घेण्यात आला. इतिहासात हा सांगोल्याचा करार म्हणून प्रसिद्ध आहे. नावाचा धनी साताऱ्यास आणि कामाचा धनी पुण्यास, ही व्यवस्था त्या कराराने कायम झाली.

ह्या घटनेचा १९६२ च्या निवडणुकीशी कार्यकारणसंबंध जोडणे हास्यास्पद होईल, आणि तसा आमचा हेतू नाही. मात्र अर्थाचा जो बदल झाला तो लक्षात घेण्यासारखा आहे. १७५० साली सांगोल्यात प्रतिनिधित्वाचा जो झगडा झाला तो वरून खाली येणाऱ्या अधिकाराचा झगडा होता. राजाच्या नावाने कोणी बोलावे, हा त्यातील प्रश्न. किल्ल्याबाहेर मेंढरे राखणाऱ्या धनगराला अगर माण नदीच्या काठच्या कुणब्याला त्यात कोणी विचारण्याचा संभव नव्हता. शब्द तोच राहिला, त्याची दिशा मात्र उलटली. ही उलट किती अलीकडची आहे ह्याचे भान ठेवले म्हणजे ‘पन्नास वर्षे एकच प्रतिनिधी’ ह्या वाक्याकडे आपण थोड्या सावधपणे पाहू लागतो.

ह्या उलटीचा पहिला प्रयोग सांगोल्यात झाला नाही. तो शेजारी झाला, आणि गंमत अशी की तो ह्याच प्रतिनिधींच्या संस्थानात झाला. सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील इंग्रजी मुलखाचा तालुका. त्याला लागून आटपाडी औंध संस्थानची, जत स्वतंत्र संस्थान आणि मंगळवेढे सांगली संस्थानाकडे. अशा रीतीने एकाच कोरड्या माणदेशाचे चार धन्यांमध्ये तुकडे पडलेले होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन ह्यांच्या साहाय्याने १९३९ साली ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना प्रजेला दिली. जो राजाचा प्रतिनिधी त्यानेच प्रजेला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार द्यावा, ही घटना आमच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपलीकडे जागा मिळवू शकलेली नाही. त्याच सुमारास सांगोल्याच्या बाजूला १९३५ च्या कायद्याखालील मुंबई प्रांताची विधानसभा होती. तिच्या १७५ जागांसाठी १९३७ मध्ये निवडणूक झाली खरी, पण मताधिकार मालमत्ता, सारा आणि शिक्षण ह्यांच्या कुंपणात होता. औंध ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले आणि आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीत, गेली. संस्थानांच्या सीमा पुसल्या गेल्या. जिल्ह्यांच्या सीमांनी त्यांची जागा घेतली. माणदेश एका मतदारसंघात कधीच आला नाही.

मतदारसंघाची हद्द ही गोष्ट आपले लेखक गृहीत धरतात. १९६२ चा सांगोला आणि २०१४ चा सांगोला एकच, असे मानून तक्ता मांडला जातो. वास्तविक महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ साली २६४ होत्या, १९६७ साली २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. जागांची संख्या बदलली की हद्दी फेरबदलाला सापडतात, हे सांगणे नको. २००८ च्या परिसीमनानंतर सांगोला मतदारसंघाचा क्रमांक २५३ झाला आणि त्यात सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ घालण्यात आले. हे २००१ च्या जनगणनेवर आधारलेले परिसीमन होते. राज्याची लोकसंख्या २८८ ने भागली असता एका जागेस सरासरी ३ लक्ष ३६ हजारांच्या आसपास माणसे येतात. सांगोला तालुक्याची लोकसंख्या त्याहून कमी भरत होती. तूट भरून काढावयास शेजारचे मंडळ उपयोगी पडले. आकड्यांच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. पण पंढरपूर तालुक्याचे काय झाले, हे पाहिले म्हणजे दोष दिसू लागतो. तो तालुका पंढरपूर, सांगोला, माढा आणि मोहोळ अशा चार मतदारसंघांत वाटला गेला. भाळवणीच्या शेतकऱ्याची तहसील कचेरी पंढरपूरला आणि आमदार सांगोल्याचा. सांगोल्याच्या एकनिष्ठेविषयी जे काही लिहिले जाते त्यात ह्या मंडळातील मतदारांचा समावेश करावयाचा की नाही, ह्याचा विचार आम्हांस कोठे आढळला नाही.

लोकसभेच्या बाबतीतही तेच. पूर्वी सांगोला पंढरपूर ह्या राखीव लोकसभा मतदारसंघात होता. २००९ पासून तो माढा मतदारसंघात आहे. विधानसभेला शेतकरी कामगार पक्ष आणि लोकसभेला दुसराच कोणी, हे दुहेरी वर्तन येथील मतदाराच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि त्यावरूनच त्याच्या पक्षनिष्ठेची जात ओळखावी.

आता निकालांकडे वळू. बालेकिल्ला हा शब्द सांगोल्यास सर्रास लावला जातो. बालेकिल्ल्याला वेढा पडतो आणि तो टिकतो. येथे मात्र दोनदा तो पडलेला आहे, आणि ज्या परिस्थितीत पडला ती पाहण्यासारखी आहे. १९७२ साली काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे विजयी झाले. त्या वर्षी काँग्रेसने राज्यात २७० पैकी २२२ जागा मिळविल्या आणि शेतकरी कामगार पक्ष १९ वरून ७ वर आला. तेव्हा हा पराभव लाटेत वाहून गेलेल्यांपैकी एक, असे म्हणून सोडून देता येईल. १९९५ चा पराभव तसा सोडून देता येत नाही. त्या निवडणुकीत राज्यभर काँग्रेस हरली, शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष ह्यांचे सरकार आले. आणि नेमके तेव्हा सांगोल्याने काँग्रेसचे शहाजी पाटील ह्यांना १९२ मतांनी निवडून दिले. म्हणजे गणपतरावांना बाजूस सारूनही मतदारसंघाने आपला आमदार विरोधी बाकांवरच पाठविला! हा योगायोग असेल. परंतु त्यापुढची वर्षे जोडून पाहिली तर योगायोगाची साखळी बरीच लांबते. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या १२२ जागा आल्या. सांगोल्याने सुमारे २५ हजारांच्या मताधिक्याने शेतकरी कामगार पक्ष निवडला. २०२४ मध्ये महायुतीने विधानसभा जवळजवळ व्यापून टाकली. सांगोल्याने गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख ह्यांना निवडून दिले, आणि त्या पक्षाची सबंध राज्यातील ती एकमेव जागा ठरली.

ह्या दोन टोकांच्या मधली निवडणूक अधिक बोलकी आहे. २०१९ मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे दुसरे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेचे शहाजी पाटील ह्यांच्याकडून ७६८ मतांनी हरले. १९२ आणि ७६८ हे दोन आकडे एकत्र ठेवून पाहावेत. ज्या मतदारसंघात एवढ्या बारीक फरकाने जय आणि पराजय ठरतात तेथे एकमत नांदत होते असे कसे म्हणावे? सांगोल्यात जवळजवळ प्रत्येक पिढीत एक मोठा, जागरूक आणि संघटित असा विरोधी मतदार होता, आणि त्याचे प्रतिनिधित्व तक्त्यात दिसत नाही. गणपतरावांच्या थोरवीला ह्याने बाधा येत नाही. उलट, ज्या माणसाला दर निवडणुकीत खरा प्रतिस्पर्धी होता त्याच्या विजयाला अधिक किंमत आहे. भक्तिभावाने लिहिणाऱ्यांनी त्यांची स्पर्धाच पुसून टाकली आहे. ह्यात त्यांचा गौरव नाही.

तक्त्यातील वर्षांची बेरीज केली तर त्यांच्या सभासदत्वाचा काळ एक्कावन्न वर्षांच्या आसपास जातो. त्यात मंत्रिपदाचा काळ मोजका. १९७८ मध्ये शरद पवार ह्यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुख ह्यांच्या मंत्रिमंडळात ते काही काळ मंत्री होते. १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते होते. १९६२ साली त्यांनी सभागृहात पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या पक्षाचे १५ सभासद होते आणि विरोधी पक्षनेतेपद त्याच पक्षाच्या कृष्णराव धुळुप ह्यांच्याकडे होते. २०१४ साली ते अखेरचे निवडून आले तेव्हा पक्षाचे सभासद तीन होते. दाभाडी प्रबंधाने १९५० मध्ये ज्या पक्षाची मार्क्सवादी भूमिका ठरविली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जो आघाडीवर होता, तो पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत आटत गेला. पक्ष आटला आणि जागा टिकली. ह्याचे स्पष्टीकरण केवळ व्यक्तीच्या गुणांनी होत नाही, आणि केवळ तत्त्वज्ञानाने तर मुळीच होत नाही.

ते शोधावयाचे तर पाण्याकडे जावे लागते. सांगोला हा पर्जन्यछायेतील मुलूख; पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बराच काळ वाळूची नदी असते. १८७६-७७ च्या दुष्काळापासून १९७२-७३ च्या दुष्काळापर्यंत ह्या भागाचा इतिहास म्हणजे जनावरे विकण्याचा, घर सोडण्याचा आणि खडी फोडण्याचा इतिहास आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा निघाला. अशा प्रदेशातला आमदार विधानसभेत काय मागणार? पाणी. पण पाणी त्याच्या मतदारसंघात नाही, त्याच्या तालुक्यात नाही, त्याच्या जिल्ह्यातही नाही. ते कृष्णेत आहे. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने चढवीत आणावयाचे, तेव्हा ते खानापूर, आटपाडी वगैरे तालुक्यांतून सांगोल्याच्या वाट्यास येणार. म्हैसाळ योजनेचे तेच, नीरेच्या उजव्या कालव्याचे तेच. प्रत्येक योजनेत सांगोला शेवटच्या टोकाला. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला वरच्यांनी पाणी घेतल्यावर काय उरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगोल्याचे राजकारण निराळे समजावून द्यावे लागत नाही.

आमच्या मते सांगोल्याच्या प्रतिनिधित्वाचा गाभा येथे आहे. मतदारसंघ ही जमिनीवर आखलेली रेषा. पाण्याचा प्रश्न त्या रेषेत मावत नाही. एकट्या सांगोल्याचे प्रतिनिधित्व करून सांगोल्याला पाणी मिळणे शक्य नव्हते. म्हणूनच १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी ह्यांनी आटपाडीस तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली तेव्हा गणपतराव तिच्या प्रमुखांपैकी एक झाले, ही त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट होय. तेरा तालुके म्हणजे अनेक मतदारसंघ, एकाहून अधिक जिल्हे आणि नाना पक्ष. विधानसभेच्या नकाशाने जे तुकडे केले होते ते ह्या परिषदेने तात्पुरते जोडले. परिषद पुढे वर्षानुवर्षे भरत राहिली. तिच्यामुळे योजना आल्या असे सरळ म्हणणे धाडसाचे होईल. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्रास दिलेले पाणी मे २००० पर्यंत अडविण्याची निकड, १९९६ साली स्थापन झालेले कृष्णा खोरे विकास महामंडळ, आणि पश्चिम महाराष्ट्रातील सत्तेची गणिते ही कारणे तितकीच प्रबळ होती. पण विरोधी बाकांवरच्या एका आमदाराला जे करता येण्यासारखे होते, म्हणजे प्रश्न विझू न देणे, ते ह्या परिषदेत झाले. सांगोल्याच्या मतदाराने त्याला निवडले ते ह्या कामासाठी, असा आमचा तर्क आहे. मंत्री तालुक्यात रस्ता आणू शकतो. दुसऱ्या खोऱ्यातील पाणी आणावयाचे तर चार दशके तीच मागणी करणारा माणूस लागतो, आणि सत्तेत असलेल्यांना एकच मागणी इतका काळ करीत राहणे परवडत नाही.

ह्या तर्काच्या विरुद्ध एक आक्षेप घेता येईल, व तो वजनदार आहे. चार दशके मागणी करूनही पाणी शेवटच्या टोकाला अपुरेच पोहोचले असेल तर प्रतिनिधित्व सफल झाले असे कसे म्हणावयाचे? सत्तेतला आमदार असता तर ते लवकर आले नसते काय? १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ मतदार बहुधा हाच प्रश्न विचारीत होते. ह्या प्रश्नाला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. शेजारच्या ज्या तालुक्यांत आमदार सत्तारूढ पक्षाचे होते तेथेही दुष्काळ संपला नव्हता, एवढे म्हणता येते. पण ते उत्तराचे निम्मेच होय.

मधल्या काळात तालुक्याने आपल्या परीने मार्ग काढला. कापसाच्या मुलखापासून दूर असलेल्या ह्या गावी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली व चालली. माळरानावर डाळिंब आले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. पुढे तेल्या आणि मर ह्या रोगांनी बागांची दैना केली, हा भाग वेगळा.

आता चित्रणाविषयी. मतदारसंघाचे प्रतिनिधित्व दोन प्रकारचे असते: एक सभागृहातले, दुसरे लेखनातले. दुसऱ्या प्रकारात सांगोल्याचे बरेच नुकसान झाले आहे असे आम्हांस वाटते. गणपतरावांवरील लेख वाचावेत, त्यात एस. टी.ने प्रवास, साधे कपडे, साधे घर ह्यांची वर्णने पानेच्या पाने येतात. हे सारे खरे आहे व आदरणीयही आहे. पण साधेपणा हा राजकारणाचा आशय नव्हे. त्यांनी कोणत्या विधेयकाला विरोध केला, कोणत्या अंदाजपत्रकावर काय बोलले, समन्यायी पाणीवाटपाविषयी त्यांचे मत काय होते, हे ह्या लेखांतून कळत नाही. विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड ग्रंथालयांत आहेत. ते उघडण्याचे कष्ट टाळून एस. टी.च्या तिकिटावर चरित्र लिहिले जाते. साध्या माणसाचे कौतुक करणे सोपे असते, कारण त्याने कौतुक करणाऱ्याकडे काही मागितलेले नसते. ह्या माणसाने तर आयुष्यभर पाणी मागितले होते.

दुसरे चित्रण याच्या नेमके उलट टोकाचे. जून २०२२ मधील सत्तांतराच्या वेळी शहाजी पाटील ह्यांनी गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याशी केलेले दूरध्वनीवरचे संभाषण देशभर ऐकले गेले. आठवडाभरात सांगोल्याचे नाव जितक्या लोकांना माहीत झाले तितके साठ वर्षांत झाले नसेल. त्या बोलण्यात ऐकणाऱ्यांना मौज वाटली ती माणदेशी बोलीची, तिच्या ठसक्याची. बोली ऐकू आली, बोलणाऱ्याचा मुलूख मात्र कोणाला दिसला नाही. डोंगर आणि झाडी पाहून जो इतका हरखतो तो कोणत्या उजाड माळावरून आला आहे, हा विचार हसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच सुचला असेल.

ह्या दोन चित्रणांपेक्षा जुने व अधिक खरे असे तिसरे चित्रण मराठीत आहे, आणि ते निवडणुकीविषयी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिची भूमी औंध संस्थानातील, सांगोल्याची नव्हे. हा फरक आम्ही वर केलाच आहे व तो पुसू इच्छीत नाही. पण कोरड, मेंढरे आणि माणसे तीच. संस्थानच्या शाळेवर आलेला कोवळा मास्तर त्या धनगरवाडीत हळूहळू लोकांचा सल्लागार, त्यांच्या अडीअडचणींचा वाटेकरी आणि बाहेरच्या जगाशी त्यांना जोडणारा दुवा होतो. त्याला कोणी निवडून दिलेले नाही. वाडीच्या कष्टाने तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात. मग पाऊस पडत नाही आणि वाडी उठते. प्रतिनिधित्वाचा अभ्यास करणाऱ्याने हे पुस्तक ललित म्हणून बाजूस ठेवू नये. एका माणसाच्या मध्यस्थीने गावात काय काय होऊ शकते आणि आभाळाने पाठ फिरविली म्हणजे त्यातले काय उरते, ह्याचा इतका निर्मम हिशेब आमच्या कोणत्याही निवडणूक-अभ्यासात नाही. माणसे गेली की मतदार गेले. मतदारयादी मात्र तशीच राहते. कोणत्या निवडणुकीत सांगोल्याच्या यादीतील किती नावे त्या दिवशी गावात नव्हती, हे कोणी मोजून पाहिलेले आमच्या वाचनात नाही. माधुकरीप्रमाणे मते मागत फिरणाऱ्या उमेदवारांना ते पक्के ठाऊक असते.

गणपतराव ह्याच माणसांचे प्रतिनिधी होते, आणि त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्यांचीही माणसे हीच. २०२४ च्या लढतीत देशमुख, पाटील आणि शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे दीपक साळुंखे हे तिघेही आपापल्या परीने जुन्या तक्त्यातीलच आडनावे घेऊन उभे होते. वारशाचे राजकारण म्हणून त्यावर टीका झाली व ती योग्यही आहे. मात्र तीन आडनावांत विभागलेल्या ह्या मतदाराने तीन निवडणुकांत दोनदा आपला कौल फिरविला, हेही त्याच दमात सांगावयास हवे.

पुढील संशोधकास दोन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, सांगोल्याच्या गावनिहाय निकालांचा तपास, आणि तो करताना भाळवणी मंडळाचा हिशेब वेगळा ठेवणे. दुसरे, टेंभू, म्हैसाळ व नीरा उजवा कालवा ह्यांचे पाणी ज्या गावांना ज्या वर्षी पोहोचले त्या वर्षांशी ह्या निकालांची तुलना. लोकसंख्येच्या प्रमाणात जागांची राज्याराज्यांतील फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत घटनेने थांबविलेली आहे. ती उठली म्हणजे परिसीमनाची रेषा माणदेशावरून पुन्हा एकदा फिरेल, आणि त्यानंतर ‘सांगोला’ ह्या नावाखाली आज जी गावे मोडतात तीच मोडतील असे नाही. गावनिहाय नोंदी तत्पूर्वी गोळा झालेल्या बऱ्या.